बांगडीएवढा समुद्र

लातूर,
दि. २० नोव्हेंबर २०१०

चि. तम्मा शिवप्रसाद यास अक्काचा आशीर्वाद. कमलम्माला शरणु शरणार्थी. लेकरं बरी असतील. इकडं मी बरी. खानावळीत औंदा ताटं आणि डबे मिळून एकशेचाळीस पोरं-पोरी जेवून राहिलेत, भाकरी थापून खांदा दुखतो, बाकी काही नाही.

तुझा बंगला इथून चालत पंधरा मिनिटं. तरी तिकीट लावून पत्र टाकते. दोनदा आले तर गेटवरचा माणूस म्हणाला, सर लेक्चरला हायत. फोन केला तर तू मधेच "अक्का, नंतर बोलू" म्हणून तोडतोस. कागद तोडता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच. माझ्या अक्षराला हसू नको. तुला सांभाळायला म्हणून मला तिसरीतून काढलं होतं. सोळा वर्षं रोज सकाळी खानावळीच्या फळ्यावर 'आज वांगं, वरण, भात' लिहिते, तेवढ्यानं हात बसला.

कामाचं आधी. ५ डिसेंबरला तुझ्या पुस्तकाचा कार्यक्रम, सहाशे पालक येणार, जेवण अक्काच्याच हातचं पाहिजे, असा तुझ्या मॅनेजरचा निरोप आला. करते. गोडाला बुंदी नको, अनारसे करते. दिवाळी होऊन गेली म्हणून काय झालं. तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावं लागतं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. मांडवात मला एक टेबल जास्तीचं लागेल. कशाला ते विचारू नको.

आता दुसरं.

गंजगोलाईत तुझा फ्लेक्स बघितला. दोन हातांत भाजीच्या पिशव्या, तशीच उभी राहिले. तू हाताची घडी घालून, बाजूला पुस्तक. पुस्तकावर तो गोल फोटो, काळ्या अंधारात सोनेरी जाळीचा एक जीव. खाली लिहिलंय, 'अरबी समुद्रातील दुर्मिळ सूक्ष्मजीव. छायाचित्रे : प्रा. शिवप्रसाद सर.'

तम्मा, तू समुद्र कधी बघितलास? लग्नानंतर गोव्याला गेलास तेव्हा दोन्ही दिवस हॉटेलात उलट्या करत पडला होतास, कमलम्मानंच सांगितलं मला.

ते फोटो माझ्या अंजूचे आहेत. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. दहावीला तिला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले. काय पाहिजे म्हणाले तर मोबाईल नको म्हणाली, मायक्रोस्कोप पाहिजे म्हणाली. मी नांदेडला जाऊन शाळांना सामान देणाऱ्या दुकानातून आणला. खालून आरसा, वरून डोळा, पोरासोरांचा असतो तसला. मला वाटलं आठ दिवसांत माळ्यावर जाईल. मग अकरावीला ती कहकशां जेवायला येऊ लागली, कोकणातल्या हर्णैची. इतक्या लांबून तुझ्या क्लासला आलेली पोरगी. माझ्या खानावळीत मासळी नाही म्हणून रडकुंडीला यायची आणि वरणात लिंबू पिळून पिळून खायची. दिवाळीच्या सुट्टीहून येताना तिनं अंजूला समुद्राचं पाणी आणलं. धक्क्यावर बसून नायलॉनच्या मोज्यातून गाळून गाळून, मोज्यात उरलेलं बाटलीत झटकलेलं. कुबट वास. मी म्हणाले, फेका ते. अंजू म्हणाली, "अव्वा, एकदा डोळा तर लाव."

लावला. काय सांगू तुला. काचेच्या डब्या होत्या, तम्मा. नावेसारखी एक, साखळीसारखी एक, एक तर नुसती काचेची चाकी. अंजू म्हणाली, आतला जीव मरतो, पण काचेचं घर हजारो वर्षं राहतं. आमचं तर भूकंपात उलटं झालं होतं. मी तिला तसं म्हणाले नाही. मग एक पिल्लू वळवळत आलं, सहा पाय आणि कपाळाला एकच डोळा. मी म्हणाले, "अगं, ह्याला एकच डोळा?" तर कहकशां म्हणाली, "काकी, तुम्ही पण एकाच डोळ्यानं बघून राहिलात की." लई हसलो आम्ही.

कहकशांच्या भावानं दुबईहून छोटा कॅमेरा पाठवला होता. बांगड्या ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर येतात, ती नळी कापून अंजूनं कॅमेरा मायक्रोस्कोपवर बसवला. म्हणून ते सगळे फोटो गोल आहेत. बांगडीएवढे. तुझ्या पुस्तकातले पण गोलच असतील.

एक ओळ घाल. 'छायाचित्रे : अंजू पंचाक्षरी.' अजून पंधरा दिवस आहेत. पुस्तक छापून झालं असेल तर चिठ्ठी चिकटव. पोरगी रत्नागिरीला मासळीचं शिकायला गेली, दिवाळीला घरी आली नाही, माझा फोन उचलत नाही. तिला वाटतं तिच्या मामानं चोरलं आणि आई बघत बसली. एका ओळीनं माझी लेक मला बोलेल. जास्त मागत नाही.

तुझी, अजून तरी,
अक्का

—

लातूर,
दि. ७ डिसेंबर २०१०

शिवप्रसाद यास,

आशीर्वाद लिहायला घेतला, हात वळला नाही. तू बरा नसशील, म्हणून ते पण विचारत नाही.

काल सकाळी तुझा फोन आला. "अक्का, तू माझं तोंड काळं केलंस, पोरांनी गेटवर खडूनं 'खसखस सर' लिहिलंय," म्हणून ओरडलास. मी ऐकून घेतलं. मग तू जे म्हणालास त्याचं उत्तर शेवटी देते. आधी मांडवात काय झालं ते ऐक. तू स्टेजवर फोटो काढून घेत होतास, तुला ते दहा तोंडांतून कळलंय. माझ्या तोंडून ऐक.

माझ्या पत्राला तू मॅनेजरकडून उत्तर पाठवलंस. "सर म्हणाले, अनारसे चालतील." बस. पोरीच्या नावाबद्दल एक अक्षर नाही. त्याच दिवशी मी तांदूळ भिजत घातले. रोज पाणी बदलायची. राग पण तसाच ठेवला, आंबू दिला नाही, रोज ताजं पाणी.

फ्लेक्स बघून मी गंजगोलाईत उभी राहिले ते रडायला नाही. आधी रडू आलं हे खरं. मग नीट बघितलं आणि मला हसू फुटलं. केळीवाला म्हणाला, "काय झालं काकू?" मी म्हणाले, "काही न्हाई बाबा, ओळखीचं माणूस दिसलं."

अरे, ती खसखस होती!

मागच्या वर्षीच्या दिवाळीला मी अनारसे थापून राहिले होते. अंजूनं ताटातला खसखशीचा एक दाणा बोटावर उचलला आणि नेला मायक्रोस्कोपखाली. "अव्वा, ये ये, तुझ्या डब्यात पण समुद्र हाय." बघितलं तर दाण्याच्या अंगभर जाळी, मधमाशीच्या पोळ्यासारखी. मीच तिला बॅटरी धरली. वरून. कारण समुद्रातला जीव काचेसारखा असतो, त्याला खालच्या आरशाचा उजेड पुरतो. खसखशीतून उजेड आरपार जात नाही, तिला वरून दाखवावा लागतो, म्हणून मागं सगळं काळं येतं. हे मला, तिसरी शिकलेल्या बाईला कळलं. तू पंधरा वर्षं पोरांना शास्त्र शिकवतोस. डबाभर फोटोंतला सगळ्यात देखणा उचललास आणि उजेड कुठून आलाय ते बघितलं नाहीस. त्या फोटोमागं अंजूनं पेन्सिलीनं 'अव्वाची' एवढंच लिहिलं होतं. तू मागं पण बघितलं नसशील.

खरं सांगते, तू ती एक ओळ घातली असतीस तर मी येऊन कानात सांगितलं असतं, तम्मा, कव्हर बदल. घातली नाहीस.

कार्यक्रमाला मी झारा घेऊन मागच्या दारात उभी होते. तू माईकवर भूकंप काढलास. दर बॅचला काढतोस, ऐकून होते, डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं. "किल्लारीच्या त्या पहाटे मी ह्या हातांनी ढिगारा उपसला, आठ महिन्यांची भाची बाहेर काढली, आणि ठरवलं की मराठवाड्याच्या लेकरांसाठी जगायचं." लोकांनी डोळे पुसले. एका बाईनं माझा हात धरला, म्हणाली, "नशीबवान हायत तुम्ही, असा भाऊ."

तू तिसऱ्या दिवशी आलास, शिवप्रसाद. इथल्या होस्टेलातून, इस्त्रीच्या शर्टात. पोरीला मी काढलं. खोरं नव्हतं, माणूस नव्हता, परात सापडली तिनं माती उपसली. परात वाकली मग हातानं. अंजूचे अप्पा शेजारीच होते, हात बाहेर दिसत होता, गार. त्यांना सोडून मी पोरगी उकरली, कारण ती रडून राहिली होती. उजव्या हाताची दोन नखं अजून वाकडीच येतात. तू ती गोष्ट उचललीस तेव्हा मी म्हणाले, जाऊ दे, बोलून बोलून मोठा होत असेल तर होऊ दे, माझाच तम्मा आहे. तिथंच चुकले. भाकरी उचलताना कुणी हात धरला नाही तर माणूस तवा पण नेतो.

बरं. भाषण झालं. तुझे प्रमुख पाहुणे, नांदेडचे व्यंकटराव सर, वनस्पतीशास्त्राचे रिटायर्ड, आधी जेवायला आले. साधा माणूस. हातात तुझं नवीन पुस्तक. मी त्यांच्या ताटात अनारसा वाढला.

"वा, डिसेंबरात अनारसे!"

"सर, आवडला का?"

"लई झकास. खसखस सढळ हातानं लावलीय ताईंनी."

"मग त्यातला एक दाणा बघता का? त्या टेबलावर ठेवलाय."

टेबलावर मायक्रोस्कोप होता. अंजूचा. आठ दिवस बॅटरी कशी धरायची ते मी बसवत होते. पांढरा कागद चालत नाही, काळा लागतो, म्हणून पाटीचा तुकडा कापून घेतला. व्यंकटराव सर हात धुऊन आले, चष्मा कपाळावर सारला, वाकले. मी वरून बॅटरी धरली. मांडवात पालक ताटं घेऊन उभे, म्हणाले काय चाललंय.

सर बराच वेळ वर आले नाहीत. मग त्यांनी खालीच बघत हात लांब केला, "ते पुस्तक द्या बरं." दिलं. एक डोळा मायक्रोस्कोपला, एक डोळा कव्हरला. सरळ झाले.

"ताई, ही तर खसखस."

"हाव."

"आणि हा अरबी समुद्रातला दुर्मिळ जीव…"

"तो पण खसखस, सर. माझ्याच डब्यातली. तुम्ही आत्ता शे-दोनशे जीव खाल्ले, गोड लागले म्हणालात."

आधी एक हसला. मग दुसरा ताट ठेवून बघायला आला. मग रांग लागली, शिवप्रसाद. तुझ्या अॅडमिशनला लागते तशी. उदगीरचा एक व्यापारी, संगप्पा का कोण, बायकोला म्हणाला, "बघ, वर्षभर पोराला खसखस शिकवून राहिलेत." एकजण अनारसा हातात धरून ओरडला, "ए, समुद्र वाढा की अजून दोन!" मी वाढले. मोजून साडेसहाशे केले होते, एक उरला नाही.

मला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला लिहू. भूकंपापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

पण व्यंकटराव सर हसले नाहीत. पुस्तकाची पानं उलटत राहिले. म्हणाले, "ताई, कव्हर सोडलं तर आतले खरे हायत. आणि फार सुंदर हायत. हे एकडोळ्याचं पिल्लू इतकं स्वच्छ टिपणं सोपं न्हाई. कुणी काढले?"

मी म्हणाले, "माझ्या लेकीनं."

"नाव काय?"

सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढला, तुझं छापलेलं नाव एका रेघेनं खोडलं आणि वर लिहिलं, अंजू पंचाक्षरी. नीट, सावकाश. मग म्हणाले, "तिनं हे तुम्हाला दिलं होतं का सांभाळायला? मामापर्यंत कसं गेलं?"

बॅटरी माझ्या हातातच होती. सहाशे माणसांचा गलका. मी म्हणाले, भात वाढायचा राहिलाय, आणि निघून आले.

आता तुझ्या फोनचं उत्तर. तू म्हणालास, "अंजूला सांगू का, फोटोंचा डबा मला कुणी दिला? मी चोर आणि तू कोण?"

मीच दिला. त्याच दिवाळीनंतर बारावीच्या सहामाहीत तिला मार्क कमी पडले, तू येऊन म्हणालास, "अक्का, पोरगी थेंबात बुडून राहिली, एमबीबीएस गेलं हातचं, सगळं मला दे, परीक्षा झाली की देतो." मी क्षणभर पण थांबले नाही. माझ्या मनात पण तेच होतं. ढिगाऱ्यातून काढलेली पोरगी डॉक्टर झाली की माझं उपसणं फिटलं, असं मी धरून बसले होते. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, चौसष्ट फोटो, तिची वही, कॅमेऱ्याची ती बांगडीची नळी, सगळं मी ह्या हातांनी तुझ्या गाडीत ठेवलं. वरून म्हणाले, "ने बाबा ही पीडा." ती क्लासहून आली तेव्हा सांगितलं, "मामा आला होता, नेलं त्यानं." मायक्रोस्कोप भंगारवाल्याला दिला म्हणून सांगितलं. दिला नव्हता. ज्वारीच्या कोठीत पुरला होता. दाण्यांच्या खाली, हात कोपरापर्यंत घालावा लागायचा.

त्या दिवशी ती रडली नाही. अभ्यासाला बसली. तेव्हाच कळायला पाहिजे होतं मला. रडत होती म्हणून तर एकदा सापडली होती.

म्हणजे तुझ्यावर सूड उगवताना अर्धी खसखस माझ्या पण तोंडावर फेकायला पाहिजे होती. मांडवात फेकली नाही. घाबरले. तू फोनवर ते बोललास तेव्हा मला पहिल्यांदा तुझी भीती वाटली, आणि मग लई राग आला, की ह्या माणसाच्या धाकात मी आता जन्म काढू का, माझ्याच लेकीपुढं?

म्हणून काल दुपारी खानावळ बंद ठेवली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. फळ्यावर लिहिलं, 'आज जेवण नाही.' आणि अंजूला पत्र लिहिलं. डबा मी दिला, नेला नाही कुणी. मायक्रोस्कोप मी लपवला. मामाला उघडं पाडलं ते पण, अंजू, तुझ्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त. माफ कर असं लिहिलं नाही, कारण तसं लिहिलं की तिला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. व्यंकटराव सरांनी खोडलेलं पुस्तक मागून घेतलं, ते आणि मायक्रोस्कोप ज्वारीच्या पिशवीत गुंडाळून पार्सल केलं. पत्र आधी पेटीत टाकलं, मग तुला लिहायला बसले. आता अंजूला सांगायला तुझ्याकडं काही उरलं नाही.

राहिलेलं ऐक. फोटो आणि वही आठ दिवसांत पाठव, हरवले म्हणू नको. पुस्तकावर तिचं नाव लाव. नाही लावलंस तर दर बॅचच्या पहिल्या दिवशी मी तुझ्या गेटवर अनारसे घेऊन उभी राहीन, फुकट वाटीन आणि खसखस कुणाची ते सांगेन. आणि माईकवर भूकंप परत काढू नको. काढलास तर मी स्टेजवर येऊन फक्त उजवा हात वर करीन. तू मला लहानपणापासून ओळखतोस, मी करते.

सोबत चिमूटभर खसखशीची पुडी आहे. कुणाकडून तरी मायक्रोस्कोप मागून आण आणि एकदा स्वतःच्या डोळ्यानं बघ. बॅटरी वरून धर.

अंजू फोन उचलेल का नाही, माहीत नाही. मी रोज लावते, वाजून वाजून बंद होतो. मागच्या वेळी पण हातानंच उकरावं लागलं होतं.

परातीनं माती उपसणारी, आणि तो डबा तुझ्या गाडीत ठेवणारी पण,
अंजूची अव्वा
रत्नम्मा